केसपेपरवर लिहिलं होतं : कपडे बदलले

नर्स म्हणजे सुई टोचणारी बाई, असं बाहेरच्यांना वाटतं. सुईला लागतो किती वेळ? माझी निम्मी नोकरी लिहिण्यात गेली, आणि उरलेल्या निम्म्यातली बरीचशी दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचून डोकं धरण्यात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात पुरुषांच्या मेडिकल वॉर्डाची मी इन्चार्ज सिस्टर होते. दवाखान्याचं नाव घालत नाही. तिथे अजून माझ्या मुली काम करतात. मुली म्हणजे माझ्या हाताखाली शिकलेल्या.

दवाखान्यातला रोगी कधीच एका माणसाच्या हातात नसतो. सकाळची सिस्टर दुपारी घरी जाते, दुपारची रात्री. जाणारी येणारीला रोगी सोपवते, त्याला आम्ही ‘ओव्हर देणं’ म्हणतो. तोंडाने सांगितलेलं पुढच्या दारापर्यंत टिकत नाही, म्हणून सगळं केसपेपरवर आणि रिपोर्ट बुकात लिहायचं. जी सिस्टर ते वाचते तिने रोग्याला आधी पाहिलेलं नसतं, आणि जिने लिहिलं ती तेव्हा घरी भाकरी थापत असते. विचारायची सोय नाही. म्हणजे त्या चार ओळींवरच त्या माणसाचा पुढचा सगळा दिवस जातो.

आमचं घराणं कारकुनांचं. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत. त्यामुळे लिहिलेल्यातली खोट काढणारा डोळा मला रक्तातच मिळाला, आणि वॉर्डातल्या मुलींना त्याचा फार जाच झाला. मी दोन शब्दांवर बंदी घातली होती. एक ‘ठीक’. ‘रुग्ण ठीक आहे’ असं लिहिलेला एक रोगी, पाहायला गेले तेव्हा, खाटेवर नव्हताच. बाजारात संत्री घेत फिरत होता. तसा ठीकच होता म्हणा. दुसरा शब्द ‘उद्या’. शेजारच्या वॉर्डात एका म्हाताऱ्या बाईच्या केसपेपरवर ‘उद्या सकाळी उपाशी ठेवणे’ असं लिहिलेलं होतं, ऑपरेशनसाठी. ऑपरेशन पुढे गेलं, ओळ तशीच राहिली. रोज नवी सिस्टर यायची, ओळ वाचायची आणि आजीचा चहा परत पाठवायची. आजीने तक्रार केली नाही. तिला वाटलं, दवाखान्यात असा उपासच धरायचा असतो. हे प्रकरण कळल्यावर मी माझ्या वॉर्डात सांगून टाकलं की ‘उद्या’ लिहायचं नाही, वार लिहायचा.

मुली माझ्या माघारी हसायच्या. मलाही ठाऊक होतं. मग ते कापसाचं वर्ष आलं आणि हसणं बंद झालं.

त्या वर्षी पराटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. इतकी उंच कपाशी की फवारणाऱ्याचा हात वर, नळी वर, आणि औषध सगळं त्याच्याच तोंडावर. बोंडअळी जात नव्हती, म्हणून लोक एकात दुसरं औषध मिसळून मारत होते. दमट उकाडा, अंगावर घामाने चिकटलेला सदरा, पाठीवर गळका पंप. घाटंजीकडून, बोरी अरबकडून, वणीच्या रस्त्याने रोगी यायला लागले. विष प्यालेले आम्ही पुष्कळ पाहिले होते. हे प्यालेले नव्हते. कामावर गेले होते एवढंच.

हे विष शरीरातले सगळे नळ उघडून टाकतं. डोळ्याला पाणी, नाकाला पाणी, तोंडाला फेस, घाम, आणि शेवटी छातीत पाणी. माणूस आतल्या आत बुडतो. ॲट्रोपिन नावाचं इंजेक्शन हे नळ बंद करतं. कमी पडलं तर छाती भरते. जास्त झालं तर तोंड सुकतं, अंग तापतं, माणूस बरळायला लागतो आणि चादरीवरचे नसलेले मुंगळे वेचत बसतो. या दोन्हींच्या मधल्या अरुंद बांधावरून रोग्याला चालवत न्यायचं असतं, आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी त्याच्याजवळ जाऊन पाहावं लागतं की तो कुठल्या बाजूला कलला आहे.

खाटा संपल्या, जमिनीवर गाद्या घातल्या, मग गाद्याही संपल्या. माझ्याकडच्या मुली पुरेनात, तेव्हा इतर वॉर्डांतल्या आणल्या. डोळ्यांच्या वॉर्डातली रत्नमाला त्यातली एक. कामाला चोख, पण तिने आयुष्यात असा रोगी हाताळला नव्हता. केसपेपरवर डॉक्टरांच्या इंग्रजी आद्याक्षरांची रांग बघून ती मला म्हणाली, “ताई, हे वाचून मी काय करू? याच्यात करायचं काहीच लिहिलेलं नाही.”

तिचं खरं होतं. त्यात रोग्याला काय झालंय ते होतं. हाताने काय करायचं ते नव्हतं.

वॉर्डावर डॉ. काळे म्हणून तरुण डॉक्टर होते. चार माणसांचं काम एकटे ओढत होते, डोळे लाल, दाढी वाढलेली. त्यांना मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहिते, एका पानात. पहिला कागद मी झकास लिहिला. दोन पानं झाला. तो भिंतीला चिकटवला आणि कुणी वाचला नाही, कारण धावता धावता दोन पानं कोण वाचणार? मग मी रत्नमालाला तो कागद घेऊन एका रोग्यापाशी उभं केलं आणि ती काय करते ते पाहत बसले. तिचे हात ज्या क्रमाने जात होते त्या क्रमाने लिहिलं. आधी छाती ऐका, घरघर आहे का. मग नाडी. मग काखेत बोट घाला, ओली की कोरडी. मग डोळ्याची बाहुली. प्रत्येकापुढे एकच गोष्ट, असं दिसलं तर हे करा. मी खाली लिहिलं होतं, ‘आवश्यकता भासल्यास डॉक्टरांना कळवावे.’ काळ्यांनी पेन घेतलं, ती ओळ खोडली आणि लिहिलं, ‘छाती पुन्हा भरली तर मला उठवा. मी रागावेन. तरी उठवा.’

त्या कागदाने फरक पडला. इतकंच सांगते, की परक्या वॉर्डातल्या मुली रोग्यापाशी जाताना घाबरेनाशा झाल्या.

आणि तरीही सुधाकर आमच्या हातातून निसटत होता.

सुधाकर घाटंजीच्या बाजूचा, तिशीच्या आतबाहेरचा, दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारणारा. आला तेव्हा बोलत होता. इंजेक्शनं सुरू झाली, छाती कोरडी झाली, आकसलेल्या बाहुल्या मोकळ्या झाल्या. त्याच्या बायकोने, वंदनाने, हात जोडले. दुसऱ्या दिवशी छाती पुन्हा भरली. औषध वाढवलं, सुधारला. पुन्हा भरली. कागदाप्रमाणे मुली काळ्यांना बोलवत होत्या, काळे धावत येत होते, आणि प्रत्येक खेपेला तो आधीपेक्षा जरा जास्त खाली जात होता. इतर रोगी सुधारले की सुधारलेले राहत. हाच एक बांधावरून परत परत त्याच बाजूला पडत होता.

एका दुपारी त्याचे ओठ काळे-निळे दिसायला लागले. पुढची पायरी म्हणजे घशात नळी घालून श्वासाचं मशीन लावणं. मशीनं सगळी लागलेली होती. काळे खाटेच्या पायथ्याशी उभे राहून केसपेपर उलटत होते. त्यांनी विचारलं, “सिस्टर, याला स्वच्छ केलंय ना?”

मी केसपेपर पाहिला. पहिल्याच दिवसाची ओळ, सुंदर अक्षरात: ‘अंग पुसले. कपडे बदलले.’ खाली सही. ते मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली. मीही हलवली. लिहिलेलं होतं, म्हणजे झालेलं होतं.

मग छातीतलं पाणी ओढून काढायला त्याचं डोकं उचलायचं होतं. मी एका बाजूने, वंदना दुसऱ्या बाजूने. डोक्याखाली हात घातला तर तिथे दवाखान्याची उशी नव्हती. लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं होतं. ते हलल्याबरोबर तो वास आला. वॉर्डभर तोच वास होता त्या दिवसांत, केसांना, भिंतींना, आमच्या डब्यांना. म्हणून कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. पण हा ताजा होता, नाकात सुई गेल्यासारखा.

गाठोड्यात त्याचा फवारणीचा सदरा आणि पँट होती. अजून दमट. त्यावर डोकं ठेवून तो इतके दिवस झोपला होता. आम्ही शिरेतून विष उतरवत होतो आणि मानेवाटे ते आत जात होतं.

मी वंदनाला काय बोलले ते शब्द आता आठवत नाहीत. आवाज चढला होता हे आठवतं. ती रडली नाही. तिने भिंतीकडे बोट केलं.

“तुमच्याच पाटीवर लिव्हलं हाये ना बाई,” ती म्हणाली. “कपडे नातेवाईकानं आपल्यापाशी सांभाळून ठेवावे. हरवले तं दवाखाना भरून देनार नाई. मी सातवी शिकली, मले वाचता येते. अन् पँट नवीन हाये त्याइची.”

पाटी होती. वर्षानुवर्षं होती. कधीतरी कपडे चोरीला जात म्हणून ऑफिसने लावलेली, ठळक अक्षर, सोपी भाषा. माझ्यासारख्या चिकित्सक बाईलाही त्या पाटीत कधी चूक काढता आली नव्हती. आणि वंदनाने ती वाचून, समजून, अक्षरशः पाळली होती. दिवसभर गाठोडं मांडीवर, आणि नवऱ्याला झोप लागली की त्याच्या डोक्याखाली, कुणी नेऊ नये म्हणून.

काळ्यांनी तेवढ्यात तिच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, “बाई, इकडे उजेडात या.” तिच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, विष भिनलेल्या रोग्यांच्या होतात तशा. दोन दिवस ती डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणत होती, आणि आम्ही तिला जेवून घ्या, झोपा जरा, असं सांगत होतो.

त्यानंतर बोलायला कुणाला सवड नव्हती. वॉर्डबॉय मामांनी हातमोजे घालून गाठोडं प्लास्टिकच्या पिशवीत भरलं, वर दुसरी पिशवी बांधली. चादर, गादी, सगळं काढलं. सुधाकरला साबणाने धुतलं, पुसलं नव्हे, धुतलं. केस, कानामागे, नखांत, मानेच्या वळ्यांत. काळे स्वतः बादलीने पाणी ओतत होते. वंदनाला बायकांच्या वॉर्डात नेलं; ती जाईना, म्हणून रत्नमालाने तिला हाताला धरून नेलं आणि तिथेही धुतलं.

मग वाट पाहणं. आमच्या कामात हे सगळ्यांत कठीण असतं. मी स्वतः त्याच्या खाटेपाशी उभी राहिले. छाती, नाडी, काख, बाहुली. घरघर. थोडी कमी. पुन्हा तेवढीच. मशीन रिकामं होण्याची वाट पाहायची म्हणजे कुणाच्या तरी जाण्याची वाट पाहायची, हे मला कळत होतं, आणि तो विचार मी मनातून हाकलत होते. दिवेलागणीला काख कोरडी लागली. नर्सला कशाचा आनंद व्हावा याचा काही नेम नाही. छाती मोकळी झाली, आणि या खेपेला ती मोकळीच राहिली.

काळे भिंतीला टेकून खाली बसले. म्हणाले, “कपडे बदलले, हे खोटं नव्हतं हो.”

खोटं नव्हतंच. जिने लिहिलं तिने कपडे बदलले होते. पण पुढच्या सिस्टरला जे हवं होतं ते त्या दोन शब्दांत नव्हतं. काढलेले कपडे कुठे गेले? हा प्रश्न लिहिणारीच्या मनात आला नाही, वाचणारींच्याही नाही.

त्याच आठवड्यात सुधाकरच्या आधी वणीकडचा एक तरुण आमच्या वॉर्डात दगावला होता. मी त्याचा केसपेपर काढून पाहिला. त्यावरही तेच होतं: ‘कपडे बदलले.’ त्याचे कपडे कुठे होते हे मला कधीच कळणार नाही. त्याच्या आईला विचारायची माझ्यात हिंमत नव्हती, आणि विचारून त्या बाईला मी काय दिलं असतं?

पाटी काढण्यासाठी ऑफिसने अर्ज मागितला. अर्ज मी दिला, पण त्याचं उत्तर येईपर्यंत पाटी तशीच ठेवणं शक्य नव्हतं. मामांनी त्यावर एक कोरा पुठ्ठा ठोकला आणि मी लिहिलं: ‘फवारणीच्या रोग्याचे कपडे जवळ ठेवू नका. पिशवीत घालून सिस्टरला द्या. ते परत मिळणार नाहीत.’ शेवटची ओळ खरी होती, म्हणून लिहिली. झालं काय, लोकांनी कपडे लपवायला सुरुवात केली. एकाने तर शर्ट खाटेखाली वीट ठेवून त्याखाली दाबला. ज्याच्याकडे दोनच सदरे आहेत त्याला एक द्या म्हणणं सोपं नसतं. मग आम्ही सिस्टरांनी आपापल्या घरून नवऱ्यांचे, भावांचे जुने शर्ट-पँट आणले, कपाटात रचले, आणि पुठ्ठ्यावरची ओळ बदलली: ‘बदल्यात दुसरे कपडे मिळतील.’ तेव्हा कुठे गाठोडी बाहेर आली. नुसतं स्पष्ट लिहून भागत नाही, त्या ओळीच्या मागे एक कपाटही लागतं, हे मी तेव्हा शिकले.

सुधाकर घरी जायला निघाला तेव्हा मी त्याला सुट्टीचा कागद समजावून सांगायला बसले. वंदनाही बरी होऊन शेजारी उभी होती. मी लिहिलं होतं: ‘पुढील दोन महिने फवारणीचे काम करू नये. फवारलेल्या शेतात जाऊ नये.’ वाचून दाखवलं. समजलं का विचारलं.

“समजलं,” सुधाकर म्हणाला. मग म्हणाला, “पन हे मले कायले सांगून राह्यल्या, बाई? मले कोनी इचारते का? मालक सकाळी पंप आनून ठेवते, मी उचलतो. मी नाई म्हनलं तं तो उद्यापासून बलावतच नाई.”

मी कागद पुन्हा पाहिला. नोकरीभर मी मुलींना विचारत आले होते की हे कोण वाचणार आहे, आणि इथे मी चुकीच्या माणसाला लिहिलं होतं. काळ्यांना बोलावलं. त्यांनी ऐकलं, खुर्ची ओढली, आणि आम्ही नवा कागद केला. सुधाकरला कामावर ठेवणाऱ्यासाठी. ‘या माणसाच्या अंगात फवारणीचे विष भिनले होते. दोन महिन्यांत पुन्हा फवारणी केली तर जीव जाऊ शकतो. त्याला पंप देऊ नये. वेचणी, निंदण, गुरांचे काम देता येईल.’ शेवटचं वाक्य काळ्यांचं. नुसतं काय देऊ नये हे लिहिलं तर मालक काहीच देणार नाही, असं ते म्हणाले. खाली सही, आणि दवाखान्याचा गोल शिक्का, अगदी ठसठशीत.

वंदनाने तो कागद स्वतः वाचला, घडी केली आणि ब्लाउजमध्ये ठेवला.

पुढच्या हंगामात, कपाशी गुडघ्यावर आली असताना, ती एकटीच वॉर्डाच्या दारात आली. मी आधी तिच्या मागे सुधाकरला शोधलं; तो नव्हता. पण सुधाकर बरा होता. ती सांगत होती, मालकाने तो कागद दोनदा वाचला, शिक्क्यावर बोट फिरवलं आणि पंप काही दिला नाही. गुरांकडे लावलं. दोन महिन्यांची मुदत संपली तरी त्याने पुन्हा पंपाचं नाव काढलं नाही. मला खरंच बरं वाटलं. इतक्या वर्षांत माझा एखादा कागद असा शब्दशः पाळला गेल्याचं मी ऐकलं नव्हतं.

“मंग पंप कोनाले देला?” मी तिच्याच बोलीत विचारलं.

“माह्या भावाले,” वंदना म्हणाली. “त्याच्यासाठीच आलती, बाई. त्याले बी तसाच एक कागद लिहून द्या. शिक्क्याचा.”

मी तिला समजावून सांगितलं. दवाखाना फक्त आजारी पडलेल्या माणसाबद्दल लिहू शकतो. तुझ्या भावाला काही झालेलं नाही, त्याचा केसपेपर नाही, त्यावर शिक्का मारता येत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हंजे आधी तो पडला पायजे?”

 मी एक साधा कागद घेतला आणि शिक्क्याविना लिहून दिला. वारा पाठीशी घ्या. नाकातोंडाला ओला रुमाल नव्हे, कोरडं दुपट्याचं फडकं बांधा, आणि भिजलं की बदला. पंप गळत असेल तर उचलू नका. काम संपलं की आंघोळ, डोक्यावरून. कपडे वेगळे धुवा. ते उशाशी घेऊ नका. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर चहा पिऊन बसू नका, इकडे या.

तिने तो तिथेच उभ्याने मोठ्याने वाचला. मग कागद माझ्यापुढे परत ठेवला.

“‘नाकातोंडाला’ नोका लिहू,” ती म्हणाली. “‘नाकातोंडाले’ लिव्हा. नाई तं तो म्हनन, हे सायबाचं हाये, आपल्यासाठी नोहे.”

मी ‘ला’ खोडून ‘ले’ केलं. मग वरपासून खालपर्यंत पुन्हा लिहिलं, ती सांगेल तसं. ती घेऊन गेली.

त्या हंगामात तिचा भाऊ माझ्या वॉर्डात आला नाही. त्या कागदामुळे आला नाही, की पंप दुसऱ्याच कुणाच्या पाठीवर गेला म्हणून, हे मला कुणी लिहून कळवलं नाही.